गर्भपाताच्या गोळ्या : कोणाला चालतात, कोणाला नाही

अवघ्या पाच गोळ्यांचे ते पाकीट असते. एक गोळी निराळी, उरलेल्या चार एकसारख्या. पहिली मिफेप्रिस्टोन या औषधाची २०० मिलिग्रॅमची. बाकीच्या चार मिसोप्रोस्टॉलच्या, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅमच्या. पाळी चुकलेल्या आणि मूल नको असलेल्या स्त्रीला शस्त्रक्रियेविना मोकळे करणारे हे औषध योग्य दिवसांत, योग्य प्रकृतीच्या स्त्रीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतले तर शंभरांपैकी पंचाण्णवहून अधिक जणींच्या बाबतीत काम फत्ते होते. गंभीर गुंतागुंत शेकडा एकीलाही होत नाही. असे असताना या गोळ्यांनी अत्यवस्थ झालेल्या महिला रुग्णालयात येतच असतात. याचे कारण बहुतेक वेळा गोळीत नसते. दिवस चुकीचे मोजलेले असतात, गर्भ कोठे आहे हे पाहिलेले नसते, अंगात रक्त किती आहे हे तपासलेले नसते आणि रात्री रक्तस्राव वाढला तर जायचे कोठे, याचा विचार झालेला नसतो.

आर्वी तालुक्यातील रोहणा हे एकेकाळी पुलगाव-आर्वी या छोट्या रेल्वेमार्गावरचे स्थानक. अशा गावातील स्त्रीच्या दृष्टीने शेवटचा प्रश्न पहिल्या तिन्हींइतकाच महत्त्वाचा ठरतो. शहरातील स्त्रीला दहा मिनिटांत रुग्णालय गाठता येते. खेड्यात रात्री अकरा वाजता एस. टी. नसते. शेजाऱ्याची गाडी मागायची तर कारण सांगावे लागते आणि कारण सांगायचीच तर चोरी असते. गोळ्या कोणाला द्याव्यात याच्या वैद्यकीय निकषांत रुग्णालयापासूनच्या अंतराचाही समावेश आहे, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते.

कायद्याची वर्ध्याशी जुळलेली नाळ

भारतात गर्भपात बेकायदा आहे, हा समज आजही ग्रामीण भागात सर्रास आढळतो. वस्तुस्थिती अशी, की १९७१ साली संमत झालेला वैद्यकीय गर्भपात कायदा १ एप्रिल १९७२ पासून अमलात आहे. घरगुती, अघोरी उपायांनी मरणाऱ्या स्त्रियांची संख्या पाहून केंद्र सरकारने १९६४ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल १९६६ च्या अखेरीस आला आणि त्यातूनच पुढे हा कायदा झाला. समिती नेमली गेली त्या वेळी केंद्रात आरोग्यमंत्री होत्या डॉ. सुशीला नायर. याच सुशीलाबेनींनी १९६९ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. ज्या कायद्याबद्दल वर्धा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत एवढी अनभिज्ञता आहे, त्याच्या पूर्वतयारीचा एक धागा असा वर्ध्यापर्यंत येतो.

मूळ कायदा झाला तेव्हा या गोळ्या अस्तित्वातच नव्हत्या. मिफेप्रिस्टोन फ्रान्समध्ये तयार झाले आणि १९८८ मध्ये तेथे त्याला मान्यता मिळाली. भारतात ते २००२ मध्ये आले. २००३ च्या नियमांनी सात आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी गोळ्या देण्यास वाट करून दिली, तर पाच गोळ्यांच्या एकत्रित पाकिटाला २००८ च्या अखेरीस नऊ आठवड्यांपर्यंत मान्यता मिळाली. जवळजवळ तेरा वर्षे औषधाची मान्यता नऊ आठवड्यांची आणि नियम मात्र सात आठवड्यांचा, असा विचित्र प्रकार चालू होता. २०२१ च्या सुधारणेनंतर आलेल्या नियमांत नऊ आठवडे हीच मर्यादा नमूद झाली आणि ही विसंगती एकदाची मिटली.

गोळ्या कोणी द्यायच्या हेही नियमांत स्पष्ट आहे. राज्य वैद्यकीय परिषदेकडे नोंद असलेला आधुनिक वैद्यकशास्त्राचा डॉक्टर त्यासाठी लागतो. तो स्त्रीरोगतज्ज्ञ नसेल, तर त्याला स्त्रीरोग व प्रसूती विभागात तीन महिन्यांचा अनुभव असावा लागतो किंवा देखरेखीखाली गोळ्यांद्वारे गर्भपाताची दहा प्रकरणे त्याने हाताळलेली असावी लागतात. आयुर्वेद, होमिओपथी किंवा युनानीच्या पदवीधरांना हा अधिकार नाही. परिचारिका आणि आयुष डॉक्टर यांनाही परवानगी द्यावी, असा प्रस्ताव २०१४ च्या मसुद्यात होता. पण २०२१ च्या सुधारणेत त्याला स्थान मिळाले नाही. डॉक्टरांची वानवा असलेल्या भागांसाठी हा निर्णय कितपत हिताचा, याविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. आशा कार्यकर्ती ‘निश्चय’ किटने लघवीची तपासणी करून दिवस गेले आहेत की नाही हे सांगू शकते, सोबत रुग्णालयातही येऊ शकते. गर्भपाताच्या गोळ्या देणे तिच्या कामात बसत नाही.

गोळ्या नेमके काय करतात

गर्भ टिकून राहण्यासाठी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची गरज असते. मिफेप्रिस्टोन त्या संप्रेरकाचे कार्य रोखते. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर सैल होते व गर्भाची पकड सुटते. त्यानंतर एक ते दोन दिवसांनी घ्यावयाचे मिसोप्रोस्टॉल गर्भाशयाला कळा आणते आणि आतील भाग बाहेर टाकला जातो. दोन औषधांतील हे अंतर पाळणे महत्त्वाचे. घाई म्हणून सगळ्या गोळ्या एकदम घेणे किंवा पहिली घेतल्यावर मन बदलले म्हणून पुढच्या फेकून देणे, हे दोन्ही प्रकार घोटाळ्याचे ठरतात. चारही गोळ्या घ्याव्यात की कमी, त्या गिळाव्यात, जिभेखाली धराव्यात की योनिमार्गात ठेवाव्यात, हे गर्भ किती आठवड्यांचा आहे त्यावरून डॉक्टर ठरवतात. दुसरा डोस रुग्णालयात घ्यावा की घरी, हेही स्त्रीची परिस्थिती पाहून त्यांनीच ठरवायचे असते.

येथे एक गल्लत दूर करणे आवश्यक आहे. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यावयाची, जाहिरातींमुळे घराघरांत पोहोचलेली गोळी ही निराळी. ती दिवस राहू नयेत म्हणून असते आणि औषध दुकानात चिठ्ठीविना मिळते. दिवस राहिल्यानंतर तिचा काहीही उपयोग होत नाही. उलट, गर्भपाताच्या पाकिटाला डॉक्टरांची चिठ्ठी अनिवार्य आहे. पाळी चुकल्यावर ‘ती गोळी’ म्हणून भलतीच गोळी घेऊन आठ-पंधरा दिवस वाट पाहत बसण्यात नऊ आठवड्यांतील मोलाचे दिवस हातचे जातात.

दिवस मोजण्यातील फसगत

नऊ आठवडे म्हणजे ६३ दिवस. ते मोजायचे कोठून, यावर सर्व अवलंबून आहे. वैद्यकशास्त्रात गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. संबंध आला त्या दिवसापासून नव्हे, की पाळी चुकली त्या दिवसापासूनही नव्हे. शेवटची पाळी १ जूनला आली असेल, तर ६३ दिवस ३ ऑगस्टला पुरे होतात. जुलैच्या आरंभी पाळी चुकल्याचे लक्षात येते, तेव्हाच गर्भ चार आठवड्यांहून अधिक झालेला असतो. ‘पाळी चुकून महिनाच तर झालाय’ असे जी स्त्री सांगते, तिचे आठ आठवडे उलटून गेलेले असतात आणि गोळ्यांसाठी तिच्या हाती जेमतेम काही दिवस उरलेले असतात.

खेड्यातील अनेक स्त्रियांना पाळीची तारीख आठवत नाही, पण सण आठवतो. पोळ्याच्या दोन दिवस आधी आली होती, किंवा तान्ह्या पोळ्याला डोक्यावरून पाणी घेतले होते, एवढे सांगितले तरी अनुभवी डॉक्टर दिनदर्शिका काढून हिशेब लावतात. तेव्हा तारीख आठवत नाही म्हणून संकोचण्याचे कारण नाही. अंदाजाने खोटी तारीख सांगणे मात्र टाळावे. लेकुरवाळ्या स्त्रियांची अडचण आणखी वेगळी. अंगावर पाजत असताना पाळी सुरूच झालेली नसते आणि तशातच दिवस जातात. मग मोजायला तारीखच नसते. काहींना गर्भ राहिल्यानंतरही थोडासा रक्तस्राव होतो, त्यालाच त्या पाळी समजतात आणि हिशेब महिन्याने चुकतो. अशा वेळी पोटाची व आतील तपासणी आणि गरज भासल्यास सोनोग्राफी करून वय निश्चित करावे लागते. गोळ्या देण्यापूर्वी प्रत्येकीची सोनोग्राफी केलीच पाहिजे, असे बंधन नाही. पण दिवसांविषयी वा गर्भाच्या जागेविषयी किंचितही शंका असेल, तर ती टाळणे धोक्याचे आहे.

६३ दिवस उलटून गेले म्हणजे सर्व वाटा बंद झाल्या, असेही नव्हे. कायद्याने एका डॉक्टरच्या मताने २० आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. बलात्कारपीडिता, अल्पवयीन मुली, गर्भारपणातच विधवा झालेल्या किंवा घटस्फोटित झालेल्या स्त्रिया, अपंग स्त्रिया अशा काही गटांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने ही मर्यादा २४ आठवडे आहे. गर्भात गंभीर व्यंग असेल, तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळ निर्णय देऊ शकते. फक्त पद्धत बदलते. नऊ आठवड्यांनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयातच जावे लागते आणि तेथे निर्वात पद्धतीने गर्भाशय रिकामे करणे किंवा दाखल करून अन्य उपचार करणे, हे मार्ग असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अचूक माहिती व प्रशिक्षित व्यक्तीचा आधार असल्यास १२ आठवड्यांपर्यंत स्त्री गोळ्यांची प्रक्रिया स्वत:ही पार पाडू शकते, असे म्हटले आहे. भारतातील नियम मात्र नऊ आठवड्यांचाच आहे आणि आठवडे वाढतात तसा रक्तस्रावही वाढतो, हे ध्यानी घ्यावे.

गर्भ पिशवीत आहे ना?

गोळ्यांच्या बाबतीतला सर्वांत मोठा धोका हा आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही. साधारणत: शंभर गर्भधारणांत एक ते दोन वेळा गर्भ गर्भाशयात न रुजता बाहेरच, बहुधा गर्भनलिकेत रुजतो. लघवीच्या तपासणीत अशा वेळीही दोन रेघाच येतात. गोळ्यांचा या गर्भावर परिणाम होत नाही. पण गर्भाशयाच्या अस्तरातून थोडा रक्तस्राव होतो आणि काम झाले, असे समजून स्त्री निर्धास्त होते. इकडे नलिकेतील गर्भ वाढत राहतो आणि एके दिवशी नलिका फुटून पोटात रक्तस्राव सुरू होतो. एका बाजूला असह्य पोटदुखी, खांद्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. त्यानंतर शस्त्रक्रियेला उशीर झाल्यास जीव वाचवणे कठीण असते.

कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीची पाळी चुकली किंवा तांबी बसवलेली असताना दिवस गेले, तर तो गर्भ नलिकेत असण्याची शक्यता इतरांहून पुष्कळ अधिक असते. ‘ऑपरेशन झाले तरी राहिलेच कसे’ या शरमेपोटी नेमक्या याच स्त्रिया गुपचूप गोळी मागवण्याचा मार्ग पत्करतात. त्यांनी तर सोनोग्राफीवाचून गोळीला हातही लावू नये. पूर्वी नलिकेतील गर्भ राहिलेला असल्यास किंवा ओटीपोटात जंतुसंसर्ग होऊन गेला असल्यास तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तांबी आत असेल, तर गोळ्यांपूर्वी ती काढावी लागते.

अंगात रक्त किती

गोळ्यांनंतरचा रक्तस्राव नेहमीच्या पाळीपेक्षा जास्त असतो व सरासरी आठ ते तेरा दिवस चालतो. धडधाकट स्त्रीला तो झेपतो. परंतु २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. देशात वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक सूचनांनुसार हिमोग्लोबिन आठ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास गोळ्या देऊ नयेत. अशा स्त्रीला रुग्णालयातच, रक्ताची सोय ठेवून, निर्वात पद्धतीने मोकळे करणे अधिक सुरक्षित असते. हिमोग्लोबिनची तपासणी बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर होते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती उपलब्ध असते. एवढ्या साध्या तपासणीअभावी जिवावर बेतावे, याहून दुर्दैव ते कोणते!

विदर्भात यात सिकलसेलची भर पडते. वर्धा, नागपूरपासून गडचिरोलीपर्यंतच्या पट्ट्यात हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. ज्या स्त्रीला स्वत:ला किंवा माहेरी कोणाला सिकलसेल आहे, तिने पहिल्या भेटीतच ते सांगावे. सिकलसेलचे कार्ड असल्यास सोबत न्यावे. रक्तगटाची तपासणीही व्हावी. आरएच निगेटिव्ह रक्तगट असल्यास पुढील बाळंतपणात अडचण येऊ नये म्हणून अँटी-डी इंजेक्शन द्यावयाचे किंवा कसे, हे डॉक्टर ठरवतात.

अन्य अपात्रतांची यादी लांब असली, तरी त्या तुलनेने विरळ. अनियंत्रित रक्तदाब, गंभीर हृदयविकार, यकृत किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार, आटोक्यात नसलेली फिट, रक्त न गोठण्याचा दोष, रक्त पातळ करणारी औषधे, दीर्घकाळ चालू असलेली स्टिरॉइड, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा विकार, पॉर्फिरिया आणि या औषधांची अ‍ॅलर्जी यांपैकी काही असल्यास गोळ्यांचा मार्ग सोडावा लागतो. दम्यासाठी रोज स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपावे. पूर्वी सिझेरियन झाले असणे ही अपात्रता नव्हे. माहिती द्यावी, एवढेच. बाळाला अंगावर पाजत असल्यास तेही सांगावे.

वैद्यकीय तपासणीत बसणारी, तरीही गोळ्या न दिलेल्या बऱ्या, अशीही स्त्री असते. जिला पुन्हा दाखवायला येणे शक्य नाही, जिच्याजवळ त्या दोन दिवसांत सोबतीला कोणी नाही किंवा जिथून वेळेत रुग्णालय गाठता येत नाही, तिच्यासाठी एकाच भेटीत पूर्ण होणारी निर्वात पद्धत सोयीची. ज्या स्त्रीला कापूस वेचणीच्या दिवसांत एकही दिवस घरी बसून चालत नाही, तिने ही गोष्ट न लाजता डॉक्टरांपुढे मांडावी. गोळ्यांना तारीख निवडता येते. शेताच्या धुऱ्यावर कळा सुरू झाल्या तर आडोसाही मिळत नाही.

मेडिकलमधील पाकीट

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांपैकी ८१ टक्के गोळ्यांनी झाले आणि एकूण गर्भपातांच्या ७३ टक्के हे आरोग्य संस्थांबाहेर गोळ्या घेऊन झाले. सहा राज्यांतील पाहणीवर हा अंदाज बेतलेला होता आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही प्रवाह कोणत्या दिशेने वाहत आहे, हे त्यावरून उमगते.

महाराष्ट्रात मात्र कहाणीला वेगळे वळण मिळाले. बीड जिल्ह्यातील परळी येथे मे २०१२ मध्ये बेकायदा गर्भपातात एका महिलेचा मृत्यू झाला आणि स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धच्या मोहिमेला धार आली. अन्न व औषध प्रशासनाने औषध दुकानांची झडती सुरू केल्यावर अनेक विक्रेत्यांनी ही पाकिटे ठेवणेच बंद केले. वैध चिठ्ठी घेऊन आलेल्या स्त्रीलाही नकार मिळू लागला. वास्तविक सोनोग्राफीत गर्भाचे लिंग कळते ते गोळ्यांची मर्यादा उलटून गेल्यावर, बाराव्या आठवड्यानंतर. नऊ आठवड्यांच्या आत घ्यावयाच्या गोळीचा आणि लिंगनिवडीचा संबंध जोडणे शास्त्राला धरून नाही. झाले असे, की दुकानातून पाकीट गेले आणि गरज तशीच राहिली. ती मग ओळखीच्या माणसाकरवी, परजिल्ह्यातून किंवा अधिकार नसलेल्या ‘डॉक्टर’कडून भागवली जाऊ लागली. सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे मार्च २०१७ मध्ये एका महिलेच्या मृत्यूनंतर १९ भ्रूणांचे अवशेष सापडले; तेथे रुग्णालय चालवणारा होमिओपथीचा पदवीधर होता.

अशा मार्गाने आलेल्या पाकिटावर औषधाची मुदत काय, ते उन्हात किती दिवस पडले होते, हे कळायला मार्ग नसतो. कधी पाकीट फोडून दोनच गोळ्या दिल्या जातात. गर्भपात अपुरा राहिला तर दोष द्यायला कोणी नसते आणि रुग्णालयात गेल्यावर स्त्री खरे सांगत नाही. खरे तर तिने ते सांगितलेच पाहिजे. काय घेतले, केव्हा घेतले, हे समजल्यास उपचार लवकर होतात. गोळ्या कोठूनही आणलेल्या असोत, गुंतागुंत झालेल्या स्त्रीवर उपचार करणे हे रुग्णालयाचे कर्तव्यच आहे.

सही कोणाची, गुपित कोणाचे

जानेवारी २०२२ मध्ये आर्वी शहराचे नाव देशभर गाजले. एका १३ वर्षांच्या मुलीच्या बेकायदा गर्भपाताच्या तक्रारीवरून पोलिसांनी तपास केला असता एका खासगी रुग्णालयाच्या आवारातील गोबरगॅसच्या टाकीत ११ कवट्या आणि पन्नासहून अधिक हाडे सापडली. अशा बातमीनंतर पंचक्रोशीत ‘गर्भपात’ हा शब्दच गुन्ह्यासारखा ऐकू येऊ लागला तर नवल नाही. गुन्हा कशात आहे आणि हक्क कशात, याची सीमारेषा म्हणूनच नीट माहीत हवी.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीच्या गर्भपातासाठी फक्त तिचीच लेखी संमती लागते. पतीची, सासूची, वडिलांची सही कायद्याने आवश्यक नाही. काही ठिकाणी पतीला आणायला सांगतात, तो केवळ रिवाज. २०२१ च्या सुधारणेनंतर गर्भनिरोधक अयशस्वी ठरल्याचे कारण ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ अशा शब्दांत आले आहे आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ मिळेल, असे स्पष्ट केले. स्त्रीचे नाव-गाव अधिकार नसलेल्या व्यक्तीपुढे उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रुग्णालयातील गर्भपाताची नोंदवही हा गोपनीय दस्तऐवज असतो. गावच्या आरोग्य केंद्रात गेले तर चर्चा होईल, ही भीती निराधार नाही. पण तोंड उघडणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे, हे गावालाही ठाऊक झाले पाहिजे.

मुलगी अठरा वर्षांखालील असल्यास पालकाची लेखी संमती आवश्यक असते. शिवाय बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी २०१२ च्या कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते. या अटीमुळेच अनेक पालक आडमार्ग धरतात. मात्र वर उल्लेखिलेल्या निकालातच न्यायालयाने म्हटले आहे, की मुलीने व पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना कळवताना मुलीचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. ही सवलत फार थोड्यांना माहीत आहे.

कायद्याच्या चौकटीबाहेर केलेला गर्भपात मात्र गुन्हाच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात त्याची तरतूद आहे. स्त्रीच्या संमतीविना गर्भपात घडवणाऱ्यास ८९ व्या कलमानुसार अधिक कठोर शिक्षा होते. जेवणातून किंवा ‘ताकदीची गोळी’ म्हणून न सांगता औषध देणारा सासरचा माणूसही या कलमातून सुटत नाही.

गोळ्या घेतल्यावर

रोहण्याच्या स्त्रीने प्रथम गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. सरकारी दवाखान्यांना गर्भपात केंद्र म्हणून निराळी मान्यता घ्यावी लागत नाही. परंतु या कामाचे प्रशिक्षण घेतलेला वैद्यकीय अधिकारी प्रत्येक केंद्रात असेलच असे नाही. नसेल तर आर्वीचे उपजिल्हा रुग्णालय, वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये हे पर्याय आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून नि:शुल्क करण्यात आले आहेत.

पहिल्या गोळीनंतर बहुतेकींना विशेष त्रास होत नाही. मळमळते, क्वचित थोडे डाग दिसतात. ही गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली, तर डॉक्टरांना विचारून ती पुन्हा घ्यावी लागते. खरा दिवस दुसऱ्या औषधाचा. ते घेतल्यावर साधारण चार ते सहा तासांत कळा व रक्तस्राव सुरू होतो, गाठी पडतात. थंडी वाजून ताप येणे, जुलाब होणे हेही काही तासांपुरते स्वाभाविक आहे. वेदनाशामक गोळी डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवावी. दुखणे सोसलेच पाहिजे असा काही नियम नाही. हे औषध सायंकाळी घेऊ नये, सकाळी घ्यावे, हा दूरच्या गावांतील स्त्रियांसाठी व्यवहार्य सल्ला. जास्तीत जास्त रक्तस्राव मग दिवसाउजेडी होतो आणि वाहन मिळण्याची वेळ हाताशी राहते.

दोन जाड पॅड एका तासात पूर्ण भिजणे आणि असे सलग दोन तास होणे, ही धोक्याची खूण. घरच्या कापडाच्या घड्या वापरणाऱ्या स्त्रियांना हे माप लावणे अवघड जाते. म्हणून त्या दोन-तीन दिवसांपुरते तरी बाजारातील पॅड वापरणे श्रेयस्कर. चक्कर येऊन पडणे, औषधाने न थांबणारी पोटदुखी, १००.४ अंशांवरील ताप चोवीस तासांनंतरही न उतरणे, दुर्गंधीयुक्त स्राव यांपैकी काहीही आढळल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून विनामूल्य धावते. दूरध्वनीवर ‘गर्भपात’ हा शब्द उच्चारायचा नसेल, तर ‘अंगावरून खूप जात आहे’ एवढे सांगितले तरी पुरते. याउलट, दुसऱ्या औषधानंतर चोवीस तास उलटूनही रक्तस्राव झालाच नाही, तर तेही तितकेच गंभीर मानावे. गोळी लागू पडली नाही किंवा गर्भ पिशवीत नाही, असे दोन्ही अर्थ त्यातून निघू शकतात.

पंधराव्या दिवशी पुन्हा तपासणीला जाणे हा या उपचाराचाच भाग आहे, आणि सर्वांत जास्त चुकवला जातो तोही हाच. रक्त गेले म्हणजे झाले, असे धरून चालता येत नाही. घरी लघवीची तपासणी केली तर गर्भपात पूर्ण होऊनही तीन-चार आठवडे दोन रेघा दिसू शकतात. त्यामुळे त्यावरून स्वत:च निष्कर्ष काढणेही चुकीचे. क्वचित गर्भ तसाच वाढत राहतो. मिसोप्रोस्टॉलमुळे अशा गर्भात हातापायांची व चेहऱ्याच्या मज्जातंतूंची व्यंगे संभवत असल्याने निर्वात पद्धतीने गर्भपात पूर्ण करून घेण्याचा सल्ला दिला जातो.

पुढची पाळी चार ते सहा आठवड्यांत येते, पण तिच्या आधीच, गोळ्यांनंतर आठ-दहा दिवसांतही, पुन्हा दिवस जाण्याची क्षमता परत येऊ शकते. गर्भनिरोधक गोळ्या मिसोप्रोस्टॉल घेतल्याच्या दिवसापासूनच सुरू करता येतात. तांबी मात्र गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री पटल्यावर बसवतात, आणि ती खात्री त्या पंधराव्या दिवसाच्या भेटीतच होते.